‘संबंधितां’ना मी कधीच पाहिलं नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. गावाजवळच्या ओढ्यावर पूल मंजूर झाला. त्याचं भूमिपूजन तीन वेळा झालं आणि तीन पुढाऱ्यांनी ‘पाठपुराव्याला यश’ म्हणून फ्लेक्स लावले. पूल झाला आणि दुसऱ्याच पावसाळ्यात पोचमार्गाचा भराव खचला. मग बांधकाम खातं म्हणालं, पोचमार्ग जिल्हा परिषदेचा. जिल्हा परिषद म्हणाली, काम आमच्याकडे हस्तांतरितच झालेलं नाही. आमदार म्हणाले, काम मागच्या सरकारच्या काळातलं. प्रश्नकर्त्याला विचारायचंय की हे सगळं ठरवून चालतं का, आणि खरं काय ते आमच्यासारख्यांना कळायला काही वाट आहे का.

माझी नोकरी जिल्हा माहिती कार्यालयांत गेली, चार जिल्हे मिळून २९ वर्षं. सरकारच्या बातम्या लिहिणं हे काम. श्रेय कुणाचं आणि किती, हे छापायला जाण्याआधी माझ्या टेबलावरून जायचं. दोष कुणाचाच नाही, हेही माझ्याच टेबलावरून जायचं. त्यामुळे ‘ठरवून चालतं का’ याला माझं उत्तर असं की फार थोडं ठरवून चालतं. बाकीचं कागदच करतो. पुढारी हुशार असतातच, पण त्या हुशारीला बसायला कागदाने आधीच पाट मांडून ठेवलेला असतो.

एका दिवसाची गोष्ट सांगतो. दुष्काळी वर्ष होतं, एप्रिल महिना. सकाळी पालकमंत्र्यांनी टंचाई आढावा बैठक घेतली. दुपारी मी प्रेसनोट लिहिली : ‘पालकमंत्र्यांनी टंचाईग्रस्त गावांना तातडीने टँकर सुरू करण्याचे निर्देश दिले. त्यांच्या विशेष प्रयत्नांतून जिल्ह्याला वाढीव निधी मिळाला आहे.’ संध्याकाळी कळलं की एका गावात तीन दिवस टँकर फिरकला नाही आणि बायकांनी पंचायत समितीवर घागर मोर्चा काढला. वार्ताहरांचे फोन सुरू झाले. दुसरी नोट मीच लिहिली : ‘तांत्रिक कारणामुळे पाणीपुरवठ्यात खंड पडल्याचे निदर्शनास आले असून संबंधितांना खुलासा सादर करण्याच्या सूचना देण्यात आल्या आहेत.’

दोन्ही नोटा शेजारी ठेवून वाचा. पहिलीत कर्ता आहे, त्याला पद आहे, त्याने काहीतरी ‘दिले’ आहे. दुसरीत खंड ‘पडला’, तो निदर्शनास ‘आला’, सूचना ‘देण्यात आल्या’. कुणी पाडला, कुणाच्या निदर्शनास आला, कुणी दिल्या, याचा पत्ता नाही. सातवीत बाईंनी वाक्यातला कर्ता ओळखायला शिकवलं तेव्हा पुढे त्यावर पोट भरेल असं वाटलं नव्हतं. श्रेयाला कर्ता लागतो, दोषाला नुसतं क्रियापद पुरतं. आणि हे ‘संबंधित’! राज्यातल्या प्रत्येक चुकीला हेच जबाबदार, प्रत्येक सूचना यांनाच, प्रत्येक कारवाई यांच्यावरच. २९ वर्षांत एकदाही त्यांची भेट झाली नाही.

पाऊस पडला की आमच्याकडे आणखी एक शब्द तयार असायचा, ‘ढगफुटीसदृश’. हवामान खातं तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस झाला तर ढगफुटी म्हणतं. तेवढा झाला नसेल तर ‘सदृश’ लावायचं. नालेसफाईचा विषय तिथेच संपतो.

आता तीन भूमिपूजनांकडे वळू. ती कशी होतात हे कळायला पैशाचा जिना माहीत हवा. आधी घोषणा होते. मग ‘तत्त्वतः मान्यता’. याचा अर्थ हो म्हटलंय, पैसे कधी ते म्हटलेलं नाही. मग अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत, म्हणजे वर्षाच्या मधे मागितलेल्या जादा खर्चात, तरतूद येते, तीही पुष्कळदा नावापुरती, टोकन. मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, निधी वितरण आणि शेवटी खर्च. प्रत्येक पायरीवर बातमी होते आणि प्रत्येक पायरीवर फोटो निघतो. एकाच पुलाचे तेच पैसे चार वेळा ‘मिळतात’. अधेमधे सरकार बदललं तर नव्या माणसाला उरलेल्या पायऱ्या मिळतात, आणि पहिल्यापासून सुरुवात करायचा मोहही होतो. खोटं कुणीच बोलत नाही. पहिल्याने तरतुदीचं भूमिपूजन केलं, दुसऱ्याने मान्यतेचं, तिसऱ्याने कामाचं.

मोठ्या कामांत हे जास्त ठसठशीत दिसतं. समृद्धी महामार्ग एकच आहे, ७०१ किलोमीटरचा. त्याचं लोकार्पण मात्र चार हप्त्यांत झालं. नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर डिसेंबर २०२२ मध्ये, शिर्डी ते भरवीर ८० किलोमीटर मे २०२३ मध्ये, भरवीर ते इगतपुरी २५ किलोमीटर मार्च २०२४ मध्ये आणि उरलेले ७६ किलोमीटर जून २०२५ मध्ये. तयार झालेला तुकडा लोकांसाठी खुला करण्यात गैर काहीच नाही, उलट अडवून ठेवला असता तर मीच ओरडलो असतो. पण एका रस्त्याला चार फिती मिळतात, हे कोणत्याही मंत्रालयाला आपसूक कळतं.

आणि तो ‘पाठपुरावा’! मराठी राजकारणाला याहून सोयीचा शब्द मिळालेला नाही. ‘मी काम केलं’ म्हटलं तर पुरावा लागतो. पाठपुराव्याला पत्र पुरतं. हे पत्र कसं जन्मतं ते मी पाहिलंय. पुरवणी मागण्यांची यादी छापून यायच्या आत साहेबांच्या पीएला मंत्रालयातल्या कुणाकडून तरी कळतं की अमुक रस्ता यादीत आहे. त्याच दुपारी साहेबांच्या लेटरहेडवर मंत्र्यांना पत्र जातं की सदर रस्ता अत्यंत आवश्यक असून तो मंजूर व्हावा ही विनंती. आवक शाखेत शिक्का बसतो, पोच मिळते. आठवड्याने यादी जाहीर होते आणि पत्राची प्रत वार्ताहरांच्या मोबाइलवर जाते. एकदा एकाच रस्त्यासाठी पाच जणांची पत्रं एकाच दिवशी आवक झालेली पाहिली, त्यात दोघं एकमेकांचे कट्टर विरोधक. पाचही बातम्या माझ्याकडे आल्या. ‘लोकप्रतिनिधींच्या पाठपुराव्याला यश’ असं अनेकवचन घालून मी सुटलो. त्यातल्या चौघांनी नंतर फोन केला.

अर्थात खरा पाठपुरावाही असतो. वर्षानुवर्षं एकेका टिप्पणीच्या मागे फिरणारे, कोणत्या टेबलावर नस्ती, म्हणजे फाइल, अडकली आहे ते तोंडपाठ असणारे आमदार मी पाहिलेत. त्यांचे फ्लेक्स सहसा कमी असतात. हे निरीक्षण आहे, नियम नव्हे.

एका तालुक्याच्या विश्रामगृहामागे जुन्या कोनशिला टाकलेल्या होत्या. उद्घाटक बदलला की दगड बदलायचा. जुना फोडायला कुणी धजत नसे, कारण ते साहेब उद्या परत आले तर काय? त्यातली एक उताणी पडलेली शिला खानसाम्याच्या बायकोने कपडे धुवायला घेतली होती. त्यावरची एका माजी राज्यमंत्र्यांची अक्षरं साबणाने निम्मी गुळगुळीत झाली होती.

श्रेयाचा वाद तोडायचा असेल तर सामान्य वाचकाच्या हातात एक चांगलं हत्यार आहे आणि ते फुकट आहे. शासन निर्णय, म्हणजे जीआर, राज्य सरकारच्या संकेतस्थळावर असतात. लोक जीआर उघडतात आणि थेट ‘शासन निर्णय’ या मथळ्यावर जातात. तसं करू नका. अगदी वर ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ असं लिहून खाली क्रमांकाने जुने निर्णय, पत्रं, बैठकांची इतिवृत्तं दिलेली असतात. ही त्या निर्णयाची वंशावळ आहे. भाषणात बाप एकच असतो, ‘वाचा’मध्ये आजे-पणजेही सापडतात. प्रस्तावनेचा परिच्छेद त्याच्या खालोखाल महत्त्वाचा. तो खालच्या कक्ष अधिकाऱ्याने लिहिलेला असतो आणि त्याला कुणाच्या फ्लेक्सशी देणंघेणं नसतं.

मराठीला अभिजात दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळाला, विधानसभा निवडणूक तोंडावर असताना. बॅनर लागले, सत्कार झाले. तो निर्णय घेणाऱ्यांचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण रंगनाथ पठारे यांच्या अध्यक्षतेखालची समिती २०१२ ची, तिचा अहवाल २०१३ चा, आणि तेव्हा राज्यात पृथ्वीराज चव्हाणांचं सरकार होतं. मधल्या अकरा वर्षांत मुंबई-दिल्लीत दोन्ही बाजूंची सरकारं होऊन गेली. म्हणजे श्रेयाचे वाटेकरी किती हा जसा प्रश्न आहे, तसाच उशिराचे वाटेकरी किती हाही आहे. दुसरा प्रश्न सत्काराच्या व्यासपीठावर कुणी काढत नाही.

याहून नाट्यमय उदाहरण छत्रपती संभाजीनगरचं. नाव बदलण्याची मागणी जुनी, महापालिकेचा ठराव १९९५ चा. २९ जून २०२२ रोजी उद्धव ठाकरे यांच्या मंत्रिमंडळाने शेवटच्या बैठकीत औरंगाबादचं संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव करण्याचा निर्णय घेतला. त्याच रात्री त्यांनी राजीनामा दिला. नवं सरकार म्हणालं, राज्यपालांनी बहुमत सिद्ध करायला सांगितल्यानंतर घेतलेला तो निर्णय टिकणारा नाही. १६ जुलैला, मंत्रिमंडळात फक्त एकनाथ शिंदे आणि देवेंद्र फडणवीस असताना, तोच निर्णय पुन्हा झाला. या वेळी आधी ‘छत्रपती’ आलं. केंद्राची संमती फेब्रुवारी २०२३ ची. कायद्याचा मुद्दा खरा असेलही, मी कायदेपंडित नाही. पण जुना निर्णय रद्द करून नवा घेण्याची आम्हा बातमी लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने एक मोठी सोय असते. नव्या कागदावर तारीख आणि सही नवी येते.

सहीवरून आठवलं. श्रेयासाठी विरोधक लागतोच असं नाही. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जून २०२४ मध्ये आली. शिंदे मुख्यमंत्री होते, तर अर्थसंकल्प मांडणारे अर्थमंत्री अजित पवार. काही आठवड्यांत जाहिराती निघाल्या आणि अजित पवारांच्या पक्षाच्या जाहिरातींत योजनेच्या नावातला ‘मुख्यमंत्री’ हा शब्दच गायब झाला. मंत्रिमंडळात त्यावरून कुरबुरी झाल्याच्या बातम्या आल्या. तीन पक्ष, एक योजना, महिना दीड हजार रुपये. मुख्यमंत्री, मंत्री, खातं की पक्ष, नावात कोण असेल यावर योजनेची फाइल किती अडते, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. मी एका जिल्हास्तरीय उपक्रमाचं नाव अकरा वेळा बदललेलं पाहिलंय. उपक्रम सुरू झाल्याचं मात्र पाहिलं नाही.

आता दोषाकडे येतो. इथे माझं म्हणणं एकच आहे : दोष नेहमी सांध्यात पडतो. दोन कार्यालयांचा सांधा, दोन सरकारांचा सांधा, राज्य आणि केंद्राचा सांधा. श्रेय घेताना सगळे सांध्यावर पाय ठेवून उभे असतात, काम पडलं की प्रत्येक जण आपापल्या बाजूला एक पाऊल मागे सरतो आणि मधे भेग दिसते. तुमच्या पुलाचा भराव पुलाच्या आणि रस्त्याच्या सांध्यावरच खचला, हा निव्वळ योगायोग समजू नका. ज्या ठिकाणी हद्द संपते त्या ठिकाणची दबाई कुणीच नीट करत नाही.

मालवणचा राजकोट किल्ला आठवा. ४ डिसेंबर २०२३, नौदल दिन, शिवाजी महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचं अनावरण पंतप्रधानांच्या हस्ते. त्या दिवशी नौदल, राज्य सरकार, केंद्र सरकार, जिल्हा प्रशासन सगळे एका चौकटीत होते. २६ ऑगस्ट २०२४ ला पुतळा कोसळला, नऊ महिनेही झाले नव्हते. मुख्यमंत्र्यांनी सांगितलं की तिथे ताशी ४५ किलोमीटर वेगाने वारा होता आणि पुतळा नौदलाने उभारला होता. नौदलाच्या निवेदनात होतं की प्रकल्पाची संकल्पना आणि धुरा नौदलाची, पण ते राज्य सरकारशी समन्वयाने झालं आणि पैसे राज्याने दिले. हे वाक्य मी व्यावसायिक नजरेने तीनदा वाचलं. एकाच वाक्यात जबाबदारी घेतलीही आणि परत वाटलीही. असं वाक्य लिहिता येणं सोपं नाही.

त्यातला मला सर्वांत बोलका वाटलेला कागद वेगळाच आहे. पुतळा पडण्याच्या सहाच दिवस आधी, २० ऑगस्टला, सार्वजनिक बांधकाम खात्याकडून नौदलाच्या अधिकाऱ्याला पत्र गेलं होतं की पुतळ्याचे नटबोल्ट गंजताहेत, कायमस्वरूपी उपाय करा. पत्र योग्यच होतं. पण सरकारी कार्यालयात पत्राला दोन कामं असतात. एक, समोरच्याला कळवणं. दुसरं, ‘आम्ही कळवलं होतं’ हे उद्या दाखवता येणं. जुने लोक नव्या अभियंत्याला शिकवतात : काम होवो न होवो, पत्र टाकून ठेव. या विशिष्ट पत्रामागे काय होतं ते मी सांगू शकत नाही. पण अशा पत्रांनी भरलेल्या नस्त्या मी पुष्कळ पाहिल्यात आणि त्यांत एक खूण असते. धोका खरा वाटत असेल तर माणूस फोन करतो, गाडी काढतो, शिडी लावतो. नुसता पत्रावर थांबत नाही.

पुढचं ठाऊकच आहे. शिल्पकार आणि सल्लागारावर गुन्हा दाखल झाला, पंतप्रधानांनी ३० ऑगस्टला पालघरच्या सभेत माफी मागितली आणि मे २०२५ मध्ये त्याच जागी ६० फुटी नवा पुतळा उभा राहिला. पुन्हा अनावरण, पुन्हा चौकट.

श्रेय आणि दोष एकाच आठवड्यात, एकाच पाण्यात पाहायचे असतील तर ऑगस्ट २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा महापूर घ्या. पाणी का चढलं? अलमट्टीमुळे. धरण कर्नाटकातलं, म्हणजे दोष राज्याच्या हद्दीबाहेर गेला. नंतर राज्य सरकारनेच नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने अलमट्टीच्या फुगवट्याला, म्हणजे धरणामागे तुंबलेल्या पाण्याला, या पुराचं थेट कारण मानलं नाही. अतिवृष्टी आणि नदीपात्रातली, पूररेषेतली बांधकामं याकडे बोट दाखवलं. पूरपट्ट्यातल्या अनेकांना ते आजही पटत नाही आणि धरणाच्या उंचीचा वाद संपलेलाही नाही. पण पूररेषेतली बांधकामं कुणाच्या सहीने झाली, हा प्रश्न अलमट्टीएवढा मोठ्याने कधी विचारला गेला नाही, कारण त्याचं उत्तर सगळ्याच पक्षांच्या नगरसेवकांच्या घरावरून जातं. त्याच दिवसांत मदतीच्या धान्याच्या पाकिटांवर मुख्यमंत्र्यांच्या आणि स्थानिक आमदारांच्या छायाचित्रांचे स्टिकर लागले. घरात पाणी छातीपर्यंत आणि पाकिटावर फोटो. त्यावर राज्यभर संताप उसळला. मोफत गहू-तांदूळ मिळायला घर दोन दिवस पाण्यात असायला हवं, ही जीआरमधली अट गाजली तेव्हा उत्तर आलं की अट जुनीच आहे, आधीच्या सरकारची. तेही खरं होतं. सरकारी कागदात बहुतेक अटी आधीच्या सरकारच्याच असतात. त्या काढायला नव्या सरकारला कुणी बंदी केलेली नसते.

‘मागचं सरकार’ हे आपल्याकडचं बारमाही पीक. तळेगावला येणार म्हणून गाजलेला वेदांता-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर चिपांचा प्रकल्प सप्टेंबर २०२२ मध्ये गुजरातला गेला. नव्या सत्ताधाऱ्यांनी सांगितलं, आधीच्या महाविकास आघाडीने वेळेत प्रतिसाद दिला नाही. आघाडीने सांगितलं, आमच्या काळात सगळं ठरलं होतं, यांनी घालवलं. १.५४ लाख कोटींच्या गुंतवणुकीसाठी दोन्हीकडून रकानेच्या रकाने भरले. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनच त्या भागीदारीतून बाहेर पडली. ज्या गोष्टीच्या जाण्याचा दोष एकमेकांवर ढकलत होते, ती त्या रूपात कुठेच झाली नाही. त्यानंतर कुणीही जुनी पत्रकार परिषद मागे घेतली नाही, कारण पत्रकार परिषदेचं काम त्याच संध्याकाळी झालेलं असतं.

आकड्यांचं एक वेगळंच कसब आहे. मोजपट्टी बदलायची. २०११-१२ च्या आर्थिक पाहणीवरून गदारोळ झाला की दहा वर्षांत सुमारे ७० हजार कोटी खर्चून सिंचन वाढलं ०.१ टक्का. तो आकडा प्रत्यक्ष भिजलेल्या क्षेत्राच्या प्रमाणाचा. त्यावर सरकारने आपली बाजू मांडायला काढलेल्या श्वेतपत्रिकेत जलसंपदा खात्याने भर दिला सिंचन क्षमतेवर, म्हणजे धरण-कालव्यांमुळे किती भिजू शकेल यावर. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आणि मधे शेतकऱ्याचं कोरडं शेत. याच सिंचनाच्या वादात अजित पवारांनी २५ सप्टेंबर २०१२ रोजी उपमुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला, ७ डिसेंबरला ते परत आले. मधे श्वेतपत्रिका निघाली होती. पुढे माधवराव चितळे समिती बसली, तिचा अहवाल २०१४ मध्ये आला.

जलयुक्त शिवारचं याच मापाने पाहा. डिसेंबर २०१४ मध्ये योजना आली, गाजली, ‘इतके टीसीएम साठवण क्षमता निर्माण’ असे आकडे मीही शेकडो वेळा लिहिले. टीसीएम म्हणजे हजार घनमीटर. साठवण क्षमता म्हणजे खड्डा, पाणी नव्हे, ते पावसाने द्यायचं. पाऊस चांगला झाला त्या वर्षी विहिरी भरल्या आणि श्रेय योजनेला गेलं. पाऊस दगा देऊन गेला त्या वर्षी दोष पावसाचा. २०२० मध्ये सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या अहवालाने म्हटलं की सुमारे ९,६३४ कोटी खर्चूनही भूजल पातळी वाढण्यावर फारसा परिणाम दिसत नाही. तेव्हाच्या सरकारने चौकशी लावली, पुढच्या सरकारने योजनेचा दुसरा टप्पा सुरू केला. माझं स्वतःचं मत विचाराल तर काही गावांत काम खरोखर चांगलं झालं होतं, काहींत जेसीबीचं बिल तेवढं झालं. पण प्रेसनोटमध्ये गावं वेगळी करून लिहायची सोय नसते, तिथे जिल्हा एकच असतो.

चौकशी समित्यांबद्दल फार लिहीत नाही. समिती नेमल्याची बातमी पहिल्या पानावर, अहवाल आल्याची आतल्या पानावर, कृती अहवालाची कुठेच नाही. एवढ्यात सगळं आलं.

आता एक माझ्याच अंगावर आलेली. एका कार्यक्रमात एका मंत्रिमहोदयांनी व्यासपीठावरून सांगितलं, ‘दिवाळीपूर्वी या अठरा गावांच्या नळाला पाणी येईल.’ टाळ्या पडल्या. मी शब्दाला शब्द लिहून नोट काढली. दिवाळी आली. पाणी काही आलं नाही. जलशुद्धीकरण केंद्राच्या वीजजोडणीचं पत्रच कुणी दिलेलं नव्हतं. एका दैनिकाने माझ्या नोटेसकट बातमी लावली. दुसऱ्या दिवशी खुलासा आला : ‘माहिती कार्यालयाच्या अनवधानाने चुकीचे वृत्त प्रसृत झाले, मंत्रिमहोदयांनी कोणतीही तारीख दिलेली नव्हती.’ मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. माझ्याकडे टेपरेकॉर्डरची कॅसेट होती. वरिष्ठांना ती ऐकवतो म्हणालो तर ते म्हणाले, ‘अहो, कॅसेट ऐकायला कोण बसलंय? वेतनवाढ अडकवून घेऊ नका.’ संध्याकाळी शिपाई एक पाकीट घेऊन आला. त्यात माझ्या खुलाशाचा मसुदा टाइप करून ठेवलेला होता. ज्या टेबलावरून नोटीस निघाली त्याच टेबलावरून तिचं उत्तरही निघालं होतं. मी फक्त सही केली. कॅसेट अजून आहे, वाजवायला यंत्र उरलेलं नाही.

म्हणून निलंबनाच्या बातम्या वाचताना पद बघत चला. ग्रामसेवक, तलाठी, शाखा अभियंता, वॉर्डबॉय. सांध्यातून पडलेला दोष जिथे टेकतो तिथे सहसा ही माणसं बसलेली असतात. यातले सगळे निर्दोष असतात असं मी म्हणणार नाही. पण मान्यतेची सही त्यांची नसते, ती देणारे निदर्शनास ‘आणून देण्यात’ मग्न असतात.

तर तुमचा पूल. चिडून ‘जबाबदार कोण?’ असा अर्ज करू नका. उत्तर ‘संबंधित’ असं येईल. माहिती अधिकाराचा साधा अर्ज करा, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. आपल्या राज्याच्या नियमानुसार अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा. मत विचारू नका, कागद मागा. प्रशासकीय मान्यतेची प्रत, कार्यारंभ आदेशाची प्रत, मंजूर अंदाजपत्रकातली पोचमार्गाची पानं, मोजमाप पुस्तिकेतल्या भरावाच्या नोंदी, काम पूर्ण झाल्याचा दाखला आणि दोष दायित्व कालावधी कोणत्या तारखेपर्यंत आहे ते. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. कार्यालयात त्याला डीएलपी म्हणतात. तो संपलेला नसेल तर भराव ठेकेदाराने स्वखर्चाने करून द्यायचा असतो आणि तो करून घ्यायची जबाबदारी ज्याने काम दिलं त्या अभियंत्याची असते. मग आमदार कुणाच्याही काळातले असोत. मोजमाप पुस्तिकेत कुणी मोजलं आणि कुणी तपासलं, दोघांच्या सह्या असतात. तिथे कर्ता गाळता येत नाही.

अर्ज बांधकाम विभागात द्या. ‘हे आमच्याकडे नाही’ असं तोंडी सांगून परत पाठवतील, जाऊ नका, टपालात देऊन पोच घ्या. माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनीच पाच दिवसांत अर्ज तिकडे पाठवून तुम्हाला तसं कळवायचं असतं. पाठवला तर ‘पोचमार्ग आमचा नाही’ हे त्यांनी प्रथमच सहीनिशी लिहून दिलेलं असेल. जिल्हा परिषदेने तो परत पाठवला तर तेही सहीनिशी. दोन्ही पत्रं एका पिनेत लावून पहिल्या अपिलाला न्या आणि हस्तांतराचं पत्र कोणत्या तारखेचं आहे तेवढंच विचारा. ते पत्र सापडलं नाही तर पूल ज्याने बांधला त्याच्याकडेच तो आजही आहे.